आजींना गुजराती येत नव्हतं

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्यानं बोलत नसे, कारण दिवसा अण्णा झोपलेले असत. अण्णा म्हणजे माझे वडील. कारखान्यात रात्रपाळी करून ते सकाळी सायकलवरून बडोद्यातल्या पाणीगेटला घरी येत, चहाबरोबर कालची भाकरी खात आणि आमच्या दीड खोलीतल्या अर्ध्या खोलीत आडवे होत. त्यानंतर आईचा सगळा संसार मुक्यानं चाले. कुकरची शिट्टी वाजायच्या बेतात आली की ती धावत जाऊन गॅस बारीक करी. भांडी संध्याकाळपर्यंत पाण्यात पडून राहत. गल्लीतून भाजीवाला "लो बटाकाऽ, डुंगळीऽ" करत गेला की आई खिडकीतून नुसतं बोट वर करी, आणि त्यालाही ते पाठ झालं होतं. एक बोट म्हणजे एक किलो. ओठ न हलवता रागावण्याची कला तिच्यात होती, ती नंतर मी कुणातच पाहिली नाही. मला वाटतं, पुढे जे काम मी जन्मभर केलं, त्याचं अर्धं शिक्षण मला तिथंच मिळालं. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून वाकून वस्तू उचलायची, श्वासावरून झोप किती खोल आहे ते ओळखायचं, दार लावताना कडी आधी हातात धरायची. आणि गप्प बसायचं. ते तर मी फारच चांगलं शिकले.

बारावीला मला कसेबसे मार्क पडले आणि मी पेशंट सांभाळायच्या सहा महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं. आईनं कपाळाला हात लावला. "लोकांचं हगलंमुतलं काढायचं, आणि तेही फी भरून शिकायचं? घरी बस, मी फुकट शिकवते!" अण्णा मात्र म्हणाले, "जाऊ दे तिला. कोणीतरी करायलाच पाहिजे ना ते." वर्ग एका धर्मादाय दवाखान्याच्या माडीवर भरत. दोन पलंग, एक व्हीलचेअर आणि रबराचा एक माणूस, ज्याला आम्ही मुली रमणभाई म्हणत असू. रमणभाईंना आम्ही रोज स्पंज केला, कुशीवर वळवलं, चादर न हलवता चादर बदलली; तक्रार म्हणून त्यांनी कधी केली नाही. शिकवायला मॅकवान सिस्टर होत्या. आणंदकडच्या, ठेंगण्या, आवाज पोलिसासारखा. दर दोन तासांनी कूस बदला, घास कधी घाईनं देऊ नका, नखं वाढवू नका, हे तर त्या घोकून घेतच. पण एक वाक्य त्या रमणभाईंच्या उशाशी उभं राहून रोज म्हणत. "सूतेला माणसना कान सूता नथी होता." निजलेल्या माणसाचे कान निजत नाहीत. त्याच्यासमोर जे बोलाल ते विचार करून बोला. आम्ही फिदीफिदी हसायचो, कारण रमणभाईंचा एक कान फाटलेला होता.

पहिलं काम मिळालं कारेलीबागेत. जुनं टेनामेंट, म्हणजे शेजाऱ्याला चिकटून असलेलं बैठं घर, पुढे झोपाळा, मागे तुळस आणि शेजारच्यांची सामाईक भिंत. सकाळी आठ ते रात्री आठ. आजी पंचाहत्तरीच्या, अंगानं किरकोळ, गोऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. वाचा गेली म्हणजे सगळी नाही. एक शब्द उरला होता: बरं. भूक लागली, बरं. पाठ खाजते, बरं. माझ्यावर राग आला, तरी बरं. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी, मेंदूत एखादाच शब्द शिल्लक राहतो. सगळ्या मराठी भाषेतून या बाईच्या वाट्याला नेमका तोच का यावा, याचं मला अजून नवल वाटतं. शिवी राहिली असती तरी चाललं असतं, निदान लोकांनी मागे वळून पाहिलं असतं. बरं म्हणणाऱ्या माणसाकडे कोण बघतो?

त्यांचे यजमान नाना बघत. नाना निवृत्त इंजिनीअर, ऐंशीचे, ताठ. सकाळी मी आजींना आंघोळ घालून, वेणी घालून, कुंकू लावून बसवलं की ते समोर खुर्ची ओढून वर्तमानपत्र वाचून दाखवीत आणि मधेच थांबून विचारीत, "काय वाटतं तुला?" आजी म्हणत, "बरं." "हं, मलाही तो माणूस लबाडच वाटतो," नाना म्हणत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. महिन्याभरानं मलाही ऐकू यायला लागलं. एक बरं खाली उतरायचं, एक वर चढायचं, एक मधेच तुटायचं. आजी नाही म्हणायच्या तेव्हा र वर जोर द्यायच्या. हे नानांनी मला शिकवलं, मॅकवान सिस्टरांनी नाही.

घरात आणखी दोघं होती, मुलगा विनयभाई आणि सून हेतलभाभी. भाभी गुजराती. मनानं फार चांगली. सासूशी तोडकंमोडकं मराठी बोलायची. "आई, तुमी जेवली? पोट भरला?" नवरा-बायको आपसांत अर्थातच गुजराती बोलत, आणि आजींसमोर काही लपवायचं असलं की हमखास. कारण आजींना गुजराती येत नाही, हे त्या घरात सूर्यप्रकाशाइतकं ठरलेलं होतं. पन्नास वर्षं बडोद्यात काढली, पण साताऱ्याहून आलेल्या या बाईनं गुजरातीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. भाजीवाल्याशी मराठी, दूधवाल्याशी मराठी. विनयभाई हसत सांगत, "लहानपणी मित्रांशी सगळी गुपितं आम्ही आईच्या पुढ्यात बोलायचो. तिला ताकास तूर लागायची नाही."

तूर कुणाला लागत नव्हती ते मला कोकिळाबेननं सांगितलं. कोकिळाबेन मागच्या भिंतीपलीकडची शेजारीण, आजींहून पाचसहा वर्षांनी लहान. दुपारी भाभी शाळेत शिकवायला गेलेली आणि नाना पेंगत असले की ती मागच्या दारानं येई आणि आजींच्या पलंगाशी बसून सोसायटीभरच्या चहाड्या करी, अर्थात गुजरातीत. कुणाच्या सुनेनं काय केलं, कोण कुठे पळालं. आजींचा अर्धा चेहरा हसून हसून लाल होई, आणि योग्य त्याच ठिकाणी. मी तोंडात बोट घातलं. "तारी आजी तो मारा करतां सारुं गुजराती समजे छे," कोकिळाबेन म्हणाली. तुझ्या आजीला माझ्याहून चांगलं गुजराती कळतं. "पण बोले नहीं. जिद्दी छे. कहेती हती, मला येत नाही असं वाटलं तरच पोरं माझ्याशी मराठी बोलतील." आणि मग तिनं सांगितलं की विनयनं हेतलशी लग्न ठरवलं ते आजींना दोन महिने आधी माहीत होतं, मुलगा फोनवर मित्राशी गुजरातीत बोलला होता, आई शेजारी तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीशी येऊन म्हणाल्या होत्या, मुलगी चांगली दिसते. "कोईने कहेती नहीं, हं!" कोकिळाबेन मला म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी आजींकडे पाहिलं. त्यांनी एक डोळा बारीक केला.

इथं मला माझी एक चूक सांगायला हवी. आजींच्या खाण्यावर कडक बंधनं होती. गिळताना ठसका लागायचा, म्हणून मऊ पेजेसारखं, तेही बसवून, चमच्या-चमच्यानं. कोकिळाबेन एकदा खांडवी, म्हणजे आपली सुरळीची वडी, घेऊन आली. ताजी, मऊ, वर खोबरं-कोथिंबीर. आजींनी ती पाहिली आणि असं काही बरं म्हणाल्या की मला राहवेना. बारीक कुस्करून दिली. तीनदा दिली, तीन वेगवेगळ्या दिवशी, काही झालं नाही. चौथ्या वेळी मोहरीचा दाणा असावा. आजींना असा ठसका लागला की त्या निळ्या पडल्या. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या, कसंबसं निभावलं. संध्याकाळी छाती घरघरत होती. भाभीनं विचारलं, "बाहेरचं काही दिलं होतं का? कोणी आलं होतं?" मी म्हणाले, "नाही." सुखात चाललेल्या नोकरीतली ती पहिली थाप.

त्यानंतर आठवड्यानं नानांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेताना ते आजींच्या पलंगापाशी थांबले, त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणाले, "दोन दिवसांत येतो गं." दोन दिवस आजी दाराकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा घर नेहमीसारखंच होतं, फक्त भाभी ओट्याशी उभी होती आणि दूध उतू गेलं तरी हलत नव्हती. मला काही बोलली नाही. मी आजींची आंघोळ उरकली, मागे उशा लावून बसवलं आणि वेणी घालायला घेतली. नऊ वाजले असतील. विनयभाई आले. कागदपत्रांची फाइल आजींच्या खोलीतल्या कपाटात असे, ती काढायला ते आत आले आणि त्यांच्यामागून भाभी.

कपाटात तोंड घालूनच ते म्हणाले, "नाना ऑफ थई गया, ए में तने फोन पर कह्युं ने, साडा पांचे. घरे नथी लाववा. आईने खबर पडशे तो बीजो अटॅक आवी जशे. सीधा हॉस्पिटलथी ज लई जईशुं. बार वागे."

ऑफ होणे म्हणजे मरणं, हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. आईला कळलं तर दुसरा झटका येईल, म्हणून नानांना घरी न आणता बारा वाजता दवाखान्यातूनच परस्पर न्यायचं ठरलं होतं. माझ्या हातात आजींचे तीन पेड होते. मी ते तसेच धरून उभी राहिले. पेडांतून मला कळलं. त्यांची मान एकदम ताठ झाली, आणि मग केसांच्या मुळांपासून एक बारीक थरथर माझ्या बोटांत आली.

"एक वार मोढुं तो जोवा दो," भाभी रडवेल्या आवाजात म्हणाली. एकदा तोंड तरी पाहू द्या.

"ना. डॉक्टरे ना पाडी छे. हुं बेउने एकसाथे खोवा नथी मागतो." दोघांना एकाच वेळी गमवायचं नाहीये मला. हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. हा माणूस काही दगड नव्हता. त्यांनी तोंड पुसलं, कपाट लावलं, पलंगापाशी येऊन वाकले आणि मराठीत, लहान मुलाला सांगावं तसं हळू म्हणाले, "आई, नाना आणखी चार दिवस दवाखान्यात राहतील हं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती हवी. बरं?"

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

दोघं बाहेर गेली आणि आजींनी माझं मनगट धरलं. अर्धांगाच्या माणसाचा चांगला हात किती जोरकस असतो, ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच ठाऊक. "बरं. बरं. बरं." दाराआडच्या व्हीलचेअरकडे बघत होत्या, मग कपाटाकडे, जिथं त्यांचं बाहेर जायचं पातळ होतं, मग माझ्याकडे. याहून स्वच्छ मराठी मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मला ने. किंवा त्याला जाऊन सांग, की मला सगळं कळलंय, आता लपवण्यात काय राहिलं. बारा वाजायला तीन तास होते. दवाखाना गाडीनं दहा मिनिटं. मी पुढच्या खोलीत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं: विनयभाई, आजींना गुजराती येतं.

आणि ते म्हणाले असते, तुला कसं माहीत? मग कोकिळाबेन आली असती, मागचं दार आलं असतं, आणि खांडवी. चोराच्या मनात चांदणं. मी एकोणीस वर्षांची होते, पहिली नोकरी होती, ज्या घरात आज मरण झालंय त्या घरात मी उभी राहून कबूल करणार होते की मी तुमच्या आईला मारलंच होतं जवळजवळ, आणि वर खोटं बोलले. दुसरंही एक कारण मी मनाला दिलं: डॉक्टरांनी नाही म्हटलंय, आपण कोण? ते कारण चांगलं होतं. अजूनही चांगलं आहे. पण खरं ते नव्हतं. मी त्यांची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली आणि म्हणाले, "हो आजी, वेणी राहिली ना? घालते हं." न कळल्याचं सोंग करून. जसं बाकीचे सगळे करत, तसं.

आजकाल मी मुलींना हेच काम शिकवते, आणि कधी हा प्रसंगही सांगते. त्या म्हणतात, मॅडम, मोबाईलवर तोंड दाखवायचं ना! खरंच, आता असतं तर कुणीतरी दाखवलं असतं. मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून कूस बदलायला लावते.

बारा वाजेपर्यंत आजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मी पेज भरवायला घेतली, तोंड उघडलं नाही. बारा वाजले, सव्वाबारा झाले. साडेबाराला त्यांनी डाव्या हातानं न्हाणीघराकडे बोट केलं. मी भांडं पुढे केलं, तर ते ढकललं; तांब्या दाखवला, तेव्हा हात खाली गेला. मग मला समजलं. गावाकडे मृत्यूची बातमी आली की डोक्यावरून पाणी घेतात, ते आजींना हवं होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवून आत नेलं आणि वेणी सोडून डोक्यावरून गार पाणी घातलं. त्या पाण्याखाली त्या रडल्या. तोंड वाकडं झालेलं माणूस रडतं तेव्हा एकाच डोळ्याच्या बाजूनं चेहरा हलतो, दुसरी बाजू शांत बसून असते. मीही रडले, पण मी रडले त्याला काही किंमत नाही. भिंतीपलीकडून कोकिळाबेनचा हुंदका ऐकू येत होता. तिच्या रडण्यावरून आजींना कळेल म्हणून विनयभाईंनी तिला त्या दिवशी घरात यायची मनाई केली होती. केस पुसून मी सवयीनं कुंकवाची डबी उघडली. आजींनी मान फिरवली. मी डबी ठेवून दिली.

भाभीनं ओले केस पाहून विचारलं, "पाछुं नवडाव्युं?" पुन्हा आंघोळ? मी म्हणाले, घाम आला होता फार. संध्याकाळी फाटकाचा आवाज झाला, विनयभाई स्मशानातून पुढचं सगळं उरकून आले, तेव्हा आजींनी डोळे उघडले, घाईघाईनं माझा पदर ओढला आणि डबीकडे बोट केलं. मला आधी कळेचना. त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. मी कुंकू लावलं, घाईत ते वाकडं झालं. विनयभाई आत आले. डोक्यावर टोपी होती, मिशी नव्हती. "गरमी फार आहे ना आई, सगळंच काढून टाकलं," ते म्हणाले. नवऱ्याचे दिवस सुरू झाले ते त्या बाईनं मुलाच्या उघड्या ओठावर पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

तेरा दिवस त्यांनी ते कुंकू रोज लावून घेतलं. विधी दुसरीकडे, एका नातेवाइकांच्या घरी चालले होते. घरात टीव्ही लावलेला असे, भाभी ओढून-ताणून हसे, आणि संध्याकाळी नवरा-बायको स्वयंपाकघरात गुजरातीत पिंडाचं आणि दर्भाचं बोलत. आजी ऐकत. लावून घेतलं ते कुणासाठी, हे मला सांगायला नको. कुंकवाला मी आज फार मान देत नाही; अण्णा गेल्यावर माझी आई महिन्याभरात टिकली लावायला लागली आणि मीच ती आणून दिली. पण ते तेरा दिवस सकाळी ती डबी उघडताना मी आजींच्या डोळ्यांकडे बघत नसे.

चौदाव्या दिवशी विनयभाईंनी डॉक्टरांना बोलावून घेतलं, बीपी तपासून घेतलं आणि आईचे दोन्ही हात धरून, मराठीत, शब्द निवडून निवडून सांगितलं. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी मोठ्यानं गळा काढला, आत्ताच कळावं तसा, आणि मुलाचं डोकं छातीशी ओढून त्याच्या नव्यानं उगवलेल्या खुंटांवरून कितीतरी वेळ हात फिरवला. बाहेर येऊन विनयभाई मला म्हणाले, "शालूबेन, आईनं किती समजूतदारपणे घेतलं बघा. आधी सांगितलं नाही तेच चांगलं झालं." त्यांचा चेहरा तेरा दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता. मी मान हलवली.

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पलंगाशी खाली बसले आणि आजींच्या कानाशी, त्यांच्याशी कधी बोलले नव्हते त्या भाषेत म्हणाले, "आजी, ते दिवसे मने खबर हती के तमने बधुं समजायुं छे. तोय हुं चूप रही." त्या दिवशी मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. मला वाटलं होतं त्या माझ्या डोक्यावर हात ठेवतील. निदान तो त्यांचा एक शब्द म्हणतील. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

पुढे पाच महिने मी त्या घरात होते. रोज आंघोळ घातली, भरवलं, दर दोन तासांनी कुशीवर वळवलं. पाठीला एक ओरखडा होऊ दिला नाही. डॉक्टर कौतुक करत. आजींनी मला कधी त्रास दिला नाही, सांगीन तेव्हा तोंड उघडत, सांगीन तेव्हा हात वर करत. पण माझ्याशी त्या परत बोलल्या नाहीत. विनयभाईंशी बोलत, भाभीशी बोलत, भिंतीपलीकडून हाक आली की कोकिळाबेनशीही बोलत. मुलाला त्यांनी त्याच दिवशी माफ करून टाकलं, कारण त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.